संघाचा मालक बोलला, पुढे काय? नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली, ईगल नाशिक टायटन्स हे नाव टीव्हीवर झळकलं आणि आपल्या क्रिकेटगप्पांत एक नवं पात्र आलं: मालक. पूर्वी शिव्या खायचं काम निवड समितीकडे होतं, फार तर पंचांकडे. आता कुठला मालक काय बोलला, त्याला बोलायचा हक्क होता का, त्याच्याकडून संघ काढून घेता येतो का, यावर सकाळी गोल्फ क्लबवर फेऱ्या मारता मारता वाद होतात. मी वकिली करतो आणि रोज करारच वाचतो, त्यामुळे हे प्रश्न फिरून माझ्याकडे येतात. त्यांतले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे गोष्टच मोठी आहे.

बोलण्याचं स्वातंत्र्य सगळ्यांना आहे. मग मालकालाच शिक्षा का?

राज्यघटनेच्या कलम १९(१)(क) मधलं भाषणस्वातंत्र्य तुम्हाला सरकारपासून वाचवतं. शेजारी, बायको, गिऱ्हाईक किंवा क्रिकेट लीग यांच्यापासून नाही. अमेरिकेतली पहिली घटनादुरुस्तीही सरकारचेच हात बांधते.

सरकारने तोंड दाबणं म्हणजे काय, हे नाशिकला शिकवायला नको. १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली ती राजद्रोही ठरवलेल्या कविता छापल्याबद्दल. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्यामागे ही शिक्षा होती. ज्याला आपण सवयीने गोल्फ क्लब म्हणतो, त्या मैदानाचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे. कवितेसाठी अंदमान, हा भाषणस्वातंत्र्याचा प्रश्न. लीगने एखाद्या अब्जाधीशाला दंड केला आणि त्याचा संघ विकायला लावला, हा मुख्यतः कराराचा प्रश्न. दोन्ही गोष्टी एकाच तराजूत टाकल्या की वाद कधीच संपत नाही.

पण बीसीसीआय म्हणजे जवळजवळ सरकारच ना?

हा प्रश्न चांगला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयालाही तो सोपा गेलेला नाही. २००५ मध्ये झी टेलिफिल्म्सच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी सांगितलं की बीसीसीआय हे घटनेच्या कलम १२ च्या अर्थाने 'राज्य' नाही. दोघांचं मत वेगळं होतं. पुढे २२ जानेवारी २०१५ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की राज्य नसलं तरी मंडळ सार्वजनिक स्वरूपाचं काम करतं, म्हणून कलम २२६ खाली उच्च न्यायालयात त्याच्याविरुद्ध दाद मागता येते.

म्हणजे एखाद्या मालकाला मंडळाने केवळ बोलण्यावरून मनमानी करून हाकललं, तर त्याला न्यायालयाचं दार बंद नाही. अमेरिकेतल्या खासगी लीगच्या मालकाला हा रस्ता अशा रीतीने मिळत नाही. गंमत अशी, की ज्यांना हा जास्तीचा दरवाजा आहे तेच आपल्याकडे जास्त गप्प असतात. त्याचं कारण पुढे येईल.

संघ विकत घेतला म्हणजे नेमकं काय विकत घेतलं?

मैदान नाही, खेळाडू नाहीत, खेळ तर नाहीच. लीगमध्ये बसायची जागा घेतली, ठरावीक अटींवर. २००८ मध्ये आयपीएलच्या पहिल्या लिलावात मुंबईचा संघ ११.१९ कोटी डॉलरला गेला आणि राजस्थानचा ६.७ कोटींना. तेवढे पैसे मोजूनही वेळापत्रक, नियम, प्रक्षेपणाचे हक्क सगळं लीगच्या हातात राहिलं. मालकाला मिळाला तो फ्रँचायझीचा करार. गंगापूर रोडला एखाद्या नावाजलेल्या कंपनीची एजन्सी घेतली, तर दुकान तुमचं असतं, पण पाटीवरच्या नावाला धक्का लागेल असं वागलात तर कंपनी एजन्सी काढून घेते. संघाचं तसंच आहे, फक्त पाटीवर शहराचं नाव असतं.

'माझा संघ आहे, मी काय वाट्टेल ते बोलेन,' असं म्हणणाऱ्या मालकाने आपलाच करार वाचलेला नसतो.

स्टर्लिंग प्रकरण सगळे सांगतात. नेमकं काय झालं होतं?

डोनाल्ड स्टर्लिंग हा लॉस एंजेलिस क्लिपर्स या बास्केटबॉल संघाचा मालक. १९८१ मध्ये त्याने तो १.२५ कोटी डॉलरला घेतला आणि तीसेक वर्षं बहुतेक काळ तळालाच ठेवला. एप्रिल २०१४ च्या शेवटच्या आठवड्यात त्याच्या आणि एका मैत्रिणीच्या बोलण्याची ध्वनिफीत बाहेर आली. कृष्णवर्णीयांना माझ्या सामन्यांना आणू नकोस, बास्केटबॉलचा कृष्णवर्णीय दिग्गज मॅजिक जॉन्सनबरोबरचा फोटो टाकू नकोस, असं तो तिला सांगत होता. ज्या लीगमधले बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आहेत, त्या लीगमधल्या मालकाचं हे बोलणं.

ऐन प्लेऑफचे दिवस होते. क्लिपर्सच्या खेळाडूंनी सामन्याआधी सरावाची जाकिटं मैदानाच्या मधोमध टाकली आणि शर्ट उलटे घातले, म्हणजे संघाचं नाव दिसू नये. प्रायोजक एकामागून एक बाजूला झाले. २९ एप्रिलला एनबीए या बास्केटबॉल लीगचे आयुक्त ॲडम सिल्व्हर यांनी स्टर्लिंगवर तहहयात बंदी घातली आणि २५ लाख डॉलरचा दंड केला. लीगच्या घटनेत तेव्हा त्याहून मोठा दंडच नव्हता. संघ काढून घ्यायला इतर मालकांच्या तीन चतुर्थांश मतांची गरज होती. ते मतदान झालंच नाही, कारण स्टर्लिंगच्या बायकोने कौटुंबिक ट्रस्टच्या वतीने संघ स्टीव्ह बाल्मर यांना २०० कोटी डॉलरला विकायचं ठरवलं. स्टर्लिंग कोर्टात गेला, हरला, आणि ऑगस्टमध्ये विक्री पूर्ण झाली.

आता आकडे पुन्हा बघा. सव्वा कोटीला घेतलेला संघ दोनशे कोटींना गेला. या शिक्षेत कुटुंबाच्या तिजोरीत केवढी भर पडली, हे कुणी फारसं सांगत नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. स्टर्लिंगचा मूळ धंदा भाड्याच्या घरांचा. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो भाडेकरूंना डावलल्याचा खटला अमेरिकेच्या न्याय खात्याने त्याच्यावर भरला होता आणि २००९ मध्ये त्याने सुमारे २७ लाख डॉलर देऊन तो मिटवला. वागण्याचं एवढं मोठं प्रकरण जगजाहीर होतं, तेव्हा लीग स्वस्थ बसली. बोलणं बाहेर आलं आणि प्रायोजक पळाले, तेव्हा चार दिवसांत निकाल लागला. शिक्षा चुकीची होती असं मी म्हणत नाही. पण ती नीतीची शिक्षा होती असं कुणी सांगू लागलं, की मी २००९ काढतो.

पण ते खासगी बोलणं होतं. चोरून रेकॉर्ड केलेलं चालतं का?

कॅलिफोर्नियात दोन्ही बाजूंच्या संमतीशिवाय खासगी बोलणं रेकॉर्ड करणं गुन्हा आहे, त्यामुळे हा आक्षेप पोकळ नाही. त्याच लीगमधल्या डॅलस मॅव्हरिक्सचे तेव्हाचे मालक मार्क क्यूबन यांनी स्टर्लिंगच्या मतांचा निषेध केला, पण घरात बोललेल्यावरून मालमत्ता काढून घेणं ही घसरण कुठे थांबेल, असंही सुरुवातीला म्हटलं. आयुक्तांचा निर्णय आल्यावर त्यांनी त्याला पाठिंबा दिला.

लीगचं म्हणणं साधं होतं: फीत कशी आली ते पोलीस बघतील; ती आता जगाने ऐकली आहे आणि आमच्या धंद्याचं नुकसान होतं आहे. कराराच्या भाषेत हे पुरेसं ठरतं. मला स्वतःला यात चैन पडत नाही. आपल्याकडे प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डिंग करणारा फोन आहे आणि भागीदारीच्या भांडणात पहिला पुरावा म्हणून ऑडिओ क्लिपच फिरते. खासगी बोलण्यालाही संघ गमावण्याएवढी किंमत असेल, तर ब्लॅकमेलच्या धंद्याला बरकत येईल. एनबीएमधल्याच अटलांटा हॉक्सचे मालक ब्रूस लेव्हेन्सन यांच्याबाबत तर फीतही नव्हती. २०१२ मधला त्यांचा स्वतःचाच ईमेल होता, गोऱ्या आणि काळ्या प्रेक्षकांच्या संख्येबद्दलचा. २०१४ मध्ये त्यांनी तो स्वतःच लीगला कळवला आणि संघ विकायला काढला.

म्हणजे वर्णद्वेषी बोललं की संघ जातोच?

नाही. सिनसिनाटी रेड्स या बेसबॉल संघाच्या मार्ज शॉट यांना १९९३ मध्ये वर्णद्वेषी बोलण्यावरून एक वर्ष निलंबन आणि २५ हजार डॉलर दंड झाला. त्या परत आल्या. १९९६ मध्ये हिटलर सुरुवातीला चांगला होता, नंतर त्याने अति केलं, असं मुलाखतीत बोलल्या आणि पुन्हा कारभारापासून दूर झाल्या. संघावरचा ताबा सुटला तो १९९९ मध्ये.

फिनिक्स सन्स या एनबीए संघाचे मालक रॉबर्ट सार्व्हर यांना २०२२ मध्ये चौकशीनंतर एक वर्ष निलंबन आणि एक कोटी डॉलर दंड झाला. चौकशीत वर्णद्वेषी शब्दांचा वापर आणि महिला कर्मचाऱ्यांशी वागणूक हे दोन्ही होतं. लीगने त्यांना संघ विकायला सांगितलं नव्हतं. मग जर्सीची प्रायोजक कंपनी पेपालने जाहीर केलं की सार्व्हर राहणार असतील तर जर्सीचा करार पुढे चालवणार नाही. मोठे खेळाडू बोलले. निलंबनानंतर आठव्या दिवशी सार्व्हर यांनीच संघ विकायला काढला.

ह्यूस्टन टेक्सन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे मालक बॉब मॅकनेअर २०१७ मध्ये मालकांच्या बैठकीत म्हणाले की तुरुंग कैद्यांच्या हाती देऊन चालणार नाही. विषय होता राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकणाऱ्या खेळाडूंचा. त्यांनी माफी मागितली. पुढच्या सामन्यात त्यांच्याच संघातल्या बहुतेकांनी गुडघा टेकला. संघ त्यांच्याकडेच राहिला.

ही प्रकरणं शेजारी ठेवली की दिसतं ते असं: वाक्य किती वाईट होतं यावर शिक्षेचं माप ठरत नाही. खेळाडू खेळायचे थांबतील का आणि जर्सीवरचा पैसा जाईल का, यावर ते ठरतं.

मालक राजकारणात असेल आणि त्याचं मत खेळाडूंना पटत नसेल तर?

याचं उत्तम उदाहरण केली लोफ्लर. अटलांटा ड्रीम या महिला बास्केटबॉल संघाच्या त्या सहमालक आणि त्याच वेळी जॉर्जियाच्या सिनेटर. २०२० च्या उन्हाळ्यात ब्लॅक लाइव्हज मॅटर चळवळीशी लीगने नातं जोडू नये, असं पत्र त्यांनी आयुक्तांना लिहिलं. खेळाडू चिडल्या. संघ काढून घ्या, अशी मागणी झाली. लीगने ती मानली नाही, आणि माझ्या मते बरोबर केलं. त्या पत्रात राजकीय मत होतं, शिवीगाळ नव्हती.

मग खेळाडूंनी जे केलं ते मला कुठल्याही दंडापेक्षा देखणं वाटतं. ऑगस्टमध्ये त्या लोफ्लर यांच्या विरोधातल्या उमेदवाराला, राफेल वॉर्नॉक यांना मत द्या असं लिहिलेले टी-शर्ट घालून मैदानावर आल्या. मालकाच्या संघात, मालकाच्या पगारावर, मालकाविरुद्ध प्रचार. जानेवारी २०२१ मध्ये लोफ्लर वॉर्नॉक यांच्याकडून हरल्या आणि पुढच्याच महिन्यात संघ विकला गेला. घेणाऱ्यांत रेनी मॉन्टगोमरी होत्या, त्याच संघाच्या माजी खेळाडू.

हे सगळं अमेरिकेत. आयपीएलमध्ये बोलण्यावरून कुणाचा संघ गेलाय का?

केवळ बोलण्यावरून एकाचाही नाही. संघ गेले ते पैशावरून. कोची २०११ मध्ये, डेक्कन चार्जर्स २०१२ मध्ये. सहाराची पुणे वॉरियर्स २०१३ मध्ये पैशाच्याच वादात बाहेर पडली. किंवा सट्ट्यावरून: सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीने जुलै २०१५ मध्ये चेन्नई आणि राजस्थानच्या मालक कंपन्यांना दोन वर्षं निलंबित केलं. त्या रिकाम्या जागेतूनच पुण्याला २०१६ आणि २०१७ असे दोन हंगाम मिळाले.

बोलण्याने भूकंप झाला तो एप्रिल २०१० मध्ये, आणि तो मालकीबद्दलच होता. लीगचे प्रमुख ललित मोदी यांनी कोची संघात कुणाकुणाचा वाटा आहे, ते ट्विटरवर टाकलं. त्यात शशी थरूर यांच्या मैत्रीण सुनंदा पुष्कर यांचं नाव होतं. काही दिवसांतच थरूर यांना केंद्रीय मंत्रिपद सोडावं लागलं. आठवडाभरात अंतिम सामना झाला आणि मोदीही निलंबित झाले. मालकांची नावं लपवण्यात किती लोकांचं हित अडकलेलं असतं, ते तेव्हा कळलं.

मग आपले मालक एवढे जपून का बोलतात?

कारण त्यांना लीगची भीती नसते. भीती असते रस्त्याची, सरकारी परवानग्यांची आणि मूळ धंद्याची. आपल्याकडचा मालक सिमेंट विकतो, वीज विकतो, सिनेमा विकतो. संघ हा त्याचा जोडधंदा.

शाहरुख खानचं २०१० सालचं प्रकरण आठवा. जानेवारीच्या लिलावात एकाही पाकिस्तानी खेळाडूवर बोली लागली नाही. त्यांना घ्यायला हवं होतं, असं कोलकात्याचा हा मालक म्हणाला. वास्तविक त्याच्या संघानेही कुणाला घेतलं नव्हतं. वाक्य क्रिकेटचं होतं, पण शिवसेनेने लक्ष्य केलं त्याच्या येऊ घातलेल्या चित्रपटाला. माफीची मागणी झाली, त्याने ती मागितली नाही, आणि फेब्रुवारीत मुंबईत चित्रपट लागला तो पोलीस बंदोबस्तात. बीसीसीआयने त्याला काही केलं नाही. करण्याची गरजही नव्हती.

हे बघितलेला दुसरा कुठला मालक तोंड उघडेल? अमेरिकेत मालक नको ते बोलतात म्हणून प्रश्न उभा राहतो. आपल्याकडे ते बोलायला हवं तेव्हाही बोलत नाहीत. भाषणस्वातंत्र्याची खरी तक्रार करायची असेल, तर ती या गप्प बसण्याबद्दल करावी. तिथे धमकी करारातून येत नाही आणि तिच्याविरुद्ध अपीलही नसतं.

(२०१२ ची शाहरुखवरची वानखेडे बंदी पुष्कळजण यात मिसळतात. ती बोलण्याची नव्हती, मैदानावर सुरक्षारक्षक आणि पदाधिकाऱ्यांशी झालेल्या वादाची होती. मुंबई क्रिकेट असोसिएशनने पाच वर्षांची घातली आणि २०१५ मध्ये उठवली.)

मालकाने कर्णधाराला सगळ्यांसमोर झापलं तर तो गुन्हा आहे का?

गुन्हा नाही. शोभतं का, तर नाही. ८ मे २०२४ ला हैदराबादने लखनौचं १६६ धावांचं लक्ष्य ९.४ षटकांत, एकही गडी न गमावता गाठलं. सामना संपल्यावर लखनौचे मालक संजीव गोएंका सीमारेषेपाशी कर्णधार के. एल. राहुलशी हातवारे करत बोलताना कॅमेऱ्यात दिसले. एक शब्द ऐकू आला नाही, तरी देशभर चर्चा झाली. पुढच्या लिलावात राहुल १४ कोटींना दिल्लीकडे गेला. बंगळूरुचे तेव्हाचे मालक विजय मल्ल्यांनी तर २००८ च्या पहिल्याच हंगामात संघनिवडीवरून द्रविडवर जाहीर खापर फोडलं होतं आणि मुख्य कार्यकारी अधिकारी चारू शर्मांना मधेच घालवलं होतं.

मुद्दा एवढाच, की लीगच्या आचारसंहितेमुळे खेळाडूला जाहीर उत्तर देता येत नाही. मालक बोलतो, खेळाडू ऐकतो. ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडेच माइक, हे मला खटकतं. खोली बंद करून काय ते बोला.

मालकाचा भाऊ, मेहुणा, नाहीतर सोशल मीडिया सांभाळणारा पोरगा बोलला तर?

लोकांच्या लेखी तो संघच बोलला. २०१७ मध्ये पुण्याच्या संघाचे मालक संजीव गोएंका होते. स्मिथने धोनीला झाकोळून टाकलं अशा अर्थाचं ट्वीट केलं ते त्यांचे भाऊ हर्ष गोएंकांनी, ज्यांच्याकडे संघाची मालकी नव्हती. धोनीच्या चाहत्यांना तेवढा फरक करायला वेळ नव्हता.

जून २०२० मध्ये गलवानच्या घटनेनंतर चेन्नईच्या संघ-डॉक्टरांनी सरकारवर एक खोचक ट्वीट केलं. चेन्नईने त्यांना तिथल्या तिथे निलंबित केलं आणि व्यवस्थापनाला याची कल्पना नव्हती असं जाहीर केलं. पगारी माणसाच्या बोलण्याची किंमत कशी लगोलग वसूल होते, ते बघा.

आणि काही पोस्टना मत म्हणताच येत नाही. ३ जून २०२५ ला बंगळूरुने आयपीएल जिंकली, दुसऱ्या दिवशी विजयोत्सवाला या असं संघाच्या खात्यावरून जाहीर झालं, चिन्नास्वामीबाहेर चेंगराचेंगरी झाली आणि ११ जण गेले. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाने जुलैमध्ये म्हटलं की पोलिसांची परवानगी न घेता अचानक केलेल्या या पोस्टमुळे गर्दी जमली आणि तिला प्रथमदर्शनी संघच जबाबदार दिसतो. इथे भाषणस्वातंत्र्याचं नाव घेणंही अप्रस्तुत. जो शहरवासी सिंहस्थाची गर्दी ओळखून आहे, त्याला 'सगळ्यांनी या' या दोन शब्दांचं वजन वेगळं सांगायला नको.

मी पुण्याजवळच्या गहुंजे स्टेडियमवर मालकाविरुद्ध फलक घेऊन गेलो तर?

तिकिटाच्या अटी वाचा. राजकीय, आक्षेपार्ह किंवा जाहिरातीचे फलक आणू नयेत, असं बहुतेक ठिकाणी छापलेलं असतं आणि आयोजक तुम्हाला बाहेर काढू शकतात. न्यूयॉर्क निक्स या एनबीए संघाचे मालक जेम्स डोलन यांना २०१९ मध्ये एका प्रेक्षकाने ओरडून सांगितलं, संघ विकून टाका. डोलननी त्याला आता टीव्हीवरच सामने बघ असं सुनावलं.

जर्मनीत उलटी तऱ्हा. तिथल्या नियमानुसार फुटबॉल क्लबची निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडेच राहतात. हॉफेनहाइमच्या डिटमार हॉप यांना त्यातून सूट मिळाली, म्हणून ते चाहत्यांच्या डोळ्यांत सलत. फेब्रुवारी २०२० मध्ये बायर्नच्या चाहत्यांनी त्यांना शिवी देणारा फलक लावला, सामना दोनदा थांबला, आणि बायर्न सहा गोलांनी पुढे असताना शेवटची तेरा मिनिटं दोन्ही संघ एकमेकांकडे चेंडू ढकलत उभे राहिले. वर्णद्वेषी घोषणा झाल्या तेव्हा एवढी तत्परता कुठे होती, असं चाहत्यांनी विचारलं. रास्त प्रश्न. शिवी वाईटच, पण अब्जाधीशाला लागलेली शिवी लवकर ऐकू येते.

फेसबुकवर मालकाबद्दल लिहिलं तर तो माझ्यावर केस करेल का?

करू शकतो. आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा करणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं, पण फौजदारी बदनामी २०१६ मध्ये कायम ठेवली. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे: दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा. दिवाणी दावा वेगळा.

'मालकाला क्रिकेटमधलं काही कळत नाही' हे मत झालं, खुशाल लिहा. 'मालकाने सामना विकला' हा आरोप झाला. पुरावा हातात नसेल तर लिहू नका. 'असं ऐकलंय' हे शेपूट जोडल्याने सुटका होत नाही, आणि नुसतं फॉरवर्ड केलं म्हणूनही नाही.

संघटनेचे पदाधिकारीच संघाचे मालक असले तर?

त्यावर २०१५ च्या त्याच निकालाने बोट ठेवलं. मंडळाच्या नियम ६.२.४ मध्ये पदाधिकाऱ्यांना आयपीएलमध्ये हितसंबंध ठेवायची मुभा देणारी दुरुस्ती केली होती, एन. श्रीनिवासन मंडळातही होते आणि त्यांच्या कंपनीकडे चेन्नईचा संघही होता. न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. नियम करणारा आणि नियम पाळणारा एकच असेल, तर त्याच्या बोलण्यावर आक्षेप घ्यायचा कुणाकडे?

आमची टेनिस बॉलची लीग आहे. आठ संघ, मालक म्हणजे बिल्डर, सराफ आणि दोन इच्छुक नगरसेवक. आम्हाला यातलं काही लागू होतं का?

सगळंच, फक्त रकमा लहान. व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मालकाने दुसऱ्या संघातल्या पोराची जात काढली, की तुमचा रविवारचा सामना सोमवारी पोलीस ठाण्यात जातो. तिथे कराराच्या आधी फौजदारी कायदा येतो, आणि जातिवाचक शिवीला ॲट्रॉसिटीचा कायदा आहे. लिलावाच्या आधी एक पानी नियम करा: जात, धर्म, बाई यांवरून बोलल्यास मालकाला किती सामने बंदी, निर्णय कोण देणार, मालकाला आपलं म्हणणं मांडायला किती वेळ. निर्णय देणाऱ्या तिघांत कुठल्याही संघाचा मालक नको. आणि राजकीय मतावरून कुणाला काढू नका, नाहीतर प्रत्येक निवडणुकीआधी लीग फुटेल.

सातपूरला माझा छोटा कारखाना आहे. संघाच्या जर्सीवर नाव द्यायचंय. मालक काही भलतंच बोलला तर माझे पैसे?

करारात लिहिलं असेल तर परत, नसेल तर गेले. मोठ्या कंपन्या प्रतिष्ठेचं कलम घालतात: मालक, संचालक किंवा संघाच्या अधिकृत खात्यावरून झालेल्या वक्तव्यामुळे प्रायोजकाची अप्रतिष्ठा झाली, तर करार तत्काळ संपवता येईल आणि उरलेल्या सामन्यांच्या प्रमाणात रक्कम परत मिळेल. 'अप्रतिष्ठा' ठरवणार कोण, हेही लिहा, नाहीतर त्यावरच दोन वर्षं तारखा पडतील. तुमची बाजूही समोरचा मागेल: तुम्ही काही बोललात तर संघालाही जर्सीवरून तुमचं नाव काढायची मुभा असावी. ती द्या, कारण मागणी रास्त आहे. रक्कम दोन-तीन हप्त्यांत द्या, शेवटचा हप्ता हंगाम संपल्यावर. आणि या सगळ्यावर सह्या झाल्याशिवाय लोगोची फाइल जर्सीवाल्याकडे पाठवू नका.